दातांवरून गोत

मागच्या रांगेत अजूनही हळदीच्या भावावर बोलत असलेल्या माझ्या मित्रांनो,

संयोजकांनी महिन्यापूर्वी फोनवर विषय विचारला. मी म्हणालो, "सस्तन प्राण्यांच्या नामशेष झालेल्या शाकाहारी भाऊबंदांचे नातेसंबंध." पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग ते अगदी आदबीनं म्हणाले, "सर, अर्धापुरात बोलताय, केळीवर काही नाही का?" मी शब्द दिला आहे, केळीवर येईन. पण त्याआधी तुम्हाला पंचवीस कोटी वर्षं मागं चालावं लागेल.

सुरुवात पाण्यापासून करू. तुमच्या केळीला पाणी कुठून येतं? ईसापूर धरणाच्या कालव्यातून, म्हणजे पैनगंगेचं. जे पाणी कालव्यात वळत नाही ते सहस्रकुंडाला कातळावरून उडी घेतं, पुढं वर्धेला मिळतं. वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की त्यांची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. तुमच्या दुसऱ्या अंगाला नांदेडची गोदावरी, तीही वाहत वाहत तिथंच पोचते. तुमच्या दोन्ही अंगांची दोन पाणी सिरोंच्याला पुन्हा भेटतात. या दोन नद्यांच्या बेचक्यात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि पलीकडं गडचिरोलीच्या टोकाला, लाल मातीच्या आणि वाळूच्या खडकांत माझ्या आजच्या कथेतली पात्रं गाडलेली आहेत. आदिलाबाद परका समजू नका. १९५६ पर्यंत आपला किनवट त्याच जिल्ह्यात होता.

आपल्या पायाखाली मात्र ती सापडायची नाहीत. अर्धापूरची काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, तो थंड झालेला लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. माझी पात्रं त्याच्याही कितीतरी आधीची. लाव्हा आला तेव्हा ती केव्हाच दगड होऊन बसली होती.

ती उजेडात कुणी आणली? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. ज्यांच्या नावानं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे, तेच. धर्मप्रचाराच्या वाटेवर ते दगड गोळा करत. कोटा आणि मालेरी या गावांकडच्या जीवाश्मांकडं जगाचं लक्ष गेलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढं शंभर वर्षांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं हे काम हाती घेतलं. आकडेमोडीची संस्था हाडं का खणते, असं वाटेल. पण तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं म्हणणं असं की मोजमाप जिथं आहे तिथं आपलं काम आहे. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं, तरुण मुलं तयार केली आणि ती मुलं तंबू घेऊन प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली.

आता ही पात्रं कोण? पहिली गोष्ट, हे डायनोसॉर नव्हेत. दुसरी गोष्ट, पाल-सरड्यांच्या कुळातलेही नव्हेत. जुन्या पुस्तकांत यांना 'सस्तनांसारखे सरीसृप' म्हटलेलं सापडेल. तो शब्द आता सोडून दिला पाहिजे. पुरावा हवा? सगळ्यांनी दोन बोटं कानशिलावर ठेवा. लाजू नका, ठेवा. आता दात आवळा, सोडा, पुन्हा आवळा. बोटाखाली काही हलतंय ना? तो जबडा ओढणारा स्नायू. कवटीत डोळ्याच्या मागं त्याला जागा करून देणारी जी पोकळी आहे, ती एकेका बाजूला एकेकच. सरडे, मगरी, डायनोसॉर यांच्या कुळाचा नमुना एका बाजूला दोन पोकळ्यांचा. एक पोकळी आणि दोन पोकळ्या अशी ही दोन घरं तीस कोटी वर्षांहून आधी वेगळी झाली. प्राणहितेकाठची माझी पात्रं एका पोकळीच्या घरातली, म्हणजे तुमच्या-माझ्या घरातली.

या घरातून पाला खाणारी बरीच कुटुंबं निघाली. त्यातली तीन आज तुमच्यापुढं उभी करतो.

पहिलं कुटुंब डायसिनोडॉन्टांचं. नावाचा अर्थ 'दोन सुळेवाले'. १८४५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या कवट्यांवरून हे नाव दिलं. त्या कवट्या रस्ते बांधणाऱ्या अँड्र्यू बेन नावाच्या माणसाला सापडल्या होत्या. डोळ्यांसमोर आणा: आखूड पायांचं, पिंपासारख्या अंगाचं जनावर, तोंडाला कासवासारखी चोच आणि बऱ्याच जातींत वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. आपण म्हणतो ना, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे? इथं ते शब्दशः खरं. खाण्याचं बहुतेक काम चोचीचं. खालचा जबडा पुढं सरकायचा आणि पाला धरून मागं ओढायचा, पाट्यावर वरवंटा मागं ओढावा तसा.

आपल्या खोऱ्यातल्या कुंडारमच्या खडकांत यांची जुनी शाखा सापडते. त्यातल्या एकाचं नाव एन्डोथायोडॉन महालनोबिसी. संस्थापकांचं नाव एका चोचवाल्या जनावराला मिळालं, २००० मध्ये. त्याचे भाऊबंद मोझांबिक, टांझानिया आणि थेट ब्राझीलमध्ये. मग पंचवीस कोटी वीस लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हा फुटला, आपल्या काळ्या पाषाणासारखाच थरांवर थर, आणि पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा बहुतेक भाग नाहीसा झाला. या कुटुंबातली थोडी घरं त्यातून वाचली. वाचलेल्यांत लिस्ट्रोसॉरस. बंगालमधल्या राणीगंजच्या खडकांतून आलेल्या अशा हाडांचं वर्णन थॉमस हक्स्ली यांनी १८६५ मध्येच केलं होतं. १९६९ मध्ये हाच प्राणी अंटार्क्टिकात सापडला. राणीगंज कुठं, अंटार्क्टिका कुठं! हे आखूड पायांचं जनावर समुद्र पोहून गेलं असेल? नाही. तेव्हा मध्ये समुद्रच नव्हता. ही सगळी जमीन एकसंध होती आणि तिच्या दक्षिणेकडच्या भागाला जग कोणत्या नावानं ओळखतं? गोंडवाना. गोंडांचा मुलूख. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या आपल्या गोंड बांधवांचं नाव आज जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. हे आपल्या मुलांना कुणी सांगितलं आहे का?

त्या संहारानंतर काही लाख पिढ्या गेल्या आणि आपल्याच खोऱ्यातल्या येर्रापल्लीच्या लाल मातीत वाडियासॉरस इंडिकस आला. भूगर्भशास्त्रज्ञ डी. एन. वाडिया यांच्या नावाचा, बैलाएवढ्या बांध्याचा. त्याच्या कित्येक जनावरांची हाडं एकाच जागी मिळाली. त्यावरून ही जनावरं खिल्लारानं राहत असावीत असं अभ्यासक मानतात. त्याच थरातला दुसरा प्राणी रेचनीसॉरस, रेचनी गावाच्या नावावरून. गावाचं नाव जनावराला मिळालं आणि गावाला बहुधा पत्ताही नसेल.

दुसरं कुटुंब गोम्फोडॉन्टांचं. हे सायनोडॉन्ट, म्हणजे 'कुत्र्यासारखे दातवाले', या मोठ्या वाड्यातलं एक दालन. आपण सस्तन याच वाड्यात जन्मलो. त्यामुळं डायसिनोडॉन्टांपेक्षा हे आपल्याला जवळचे. यांनी चोच घेतली नाही. यांनी दाढा रुंद केल्या. वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी बसायची आणि पाला दोघींच्या मध्ये चिरडला जायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण मगरीचा जबडा पाहा. तिचे दात धरतात, फाडतात, चावत नाहीत. चावणं ही गोष्ट कुणाला तरी पहिल्यांदा जमावी लागली आणि आपल्या वाड्यात ती जमवणाऱ्यांत हे आघाडीवर होते.

मालेरीच्या थरात या कुटुंबातला एक प्राणी शंकर चटर्जी यांनी १९८२ मध्ये जगापुढं ठेवला. नाव दिलं एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी. स्टॅटिस्टिक्स! सांख्यिकी संस्थेच्या नावानं एका प्राण्याचं बारसं. त्याचे जवळचे नातलग सापडतात अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये. आपल्या शेजारच्या मुलखातल्या प्राण्याचे सख्खे, सातासमुद्रापलीकडं.

तिसरं कुटुंब ट्रायटिलोडॉन्टांचं, आणि खरं भांडण इथं आहे. यांच्या दाढा पाहण्यासारख्या. वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन रांगा, खालच्या दाढेवर दोन. खालच्या दोन रांगा वरच्या तीन रांगांमधल्या चरांत बसायच्या आणि जबडा मागं ओढला की पाला कातरला जायचा. ज्यांच्या घरात जातं होतं त्यांना आठवेल, जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यावी लागे. निसर्गानं टाकी लावलेली ही दाढ. १८८४ मध्ये ओवेन यांना अशी कवटी मिळाली तेव्हा त्यांनी बेलाशक तिला सस्तनाची म्हटलं. कित्येक वर्षं ती सस्तनांतच मोजली गेली. पुढं जबड्याचा सांधा नीट तपासला तर तो जुन्या घडणीचा निघाला. जी दोन हाडं तुमच्या-माझ्या कानात सरकून ऐकण्याच्या कामाला लागली, ती यांच्या जबड्याच्या सांध्यातच होती. म्हणजे हे आपल्या उंबरठ्यापर्यंत आले, पण घरात नव्हते.

मग हे कुणाचे कोण? यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, दाढा बघा. रुंद, पाला दळणाऱ्या. गोम्फोडॉन्टांच्याही अशाच. तेव्हा हे गोम्फोडॉन्टांचेच वंशज. अमेरिकेतले जेम्स हॉप्सन या बाजूचे. दुसरा तट म्हणाला, दाढा सोडून बाकीचं अंग बघा. मेंदूची पेटी, खांदा, डोळ्यामागचा भाग सस्तनांच्या जवळ जातो. तेव्हा हे आपले जवळचे भाऊ आणि पाला खाणं यांनी स्वतंत्रपणे शिकून घेतलं. ऑक्सफर्डचे टॉम केम्प आणि टेक्सासचे टिमथी रो या बाजूचे. तीस-चाळीस वर्षं हा खटला चालला. आज बहुतेकांचा कौल दुसऱ्या तटाकडं झुकला आहे.

हा खटला मला इतका का आवडतो? त्याचं कारण माळेगावच्या जत्रेत आहे. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथं जात असे. आजोबा लालकंधारी गोऱ्ह्याचा ओठ अंगठ्यानं वर करायचे आणि एका नजरेत सांगायचे: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वय कधी चुकायचं नाही. एकदा मी विचारलं, "आबा, दात बघून याचा बाप कोण ते सांगता येतं का?" आबा हसले. म्हणाले, "दात वय सांगतो, खाणं सांगतो. बाप कळायचा तर सगळं जनावर बघावं लागतं. शिंग, वशिंड, पोळी, चाल."

आबा दुसरी पास होते. पण जीवाश्मशास्त्रानं दोन पिढ्या भांडून जे ठरवलं तेच ते सांगत होते. प्राणी काय खातो ते दात सांगतो. पाला खाणाऱ्याला पाला दळणारीच दाढ लागते, मग तो कुणाच्याही घरचा असो. म्हणून एका कामाला लागलेले दोघे एकसारखे दिसतात. सारखं दिसणं हा नात्याचा पुरावा नव्हे. वारशानं आलेलं सारखेपण वेगळं, धंद्यानं आलेलं सारखेपण वेगळं. आपल्या समाजात तर माणसाचा धंदा पाहून त्याचं कूळ सांगायची फार घाई असते. निदान प्राण्यांच्या बाबतीत ही पद्धत फसली आहे, एवढी नोंद करून मी पुढं जातो.

रेचनीसॉरसचं तेच झालं. काही तज्ज्ञांनी त्याला आफ्रिकेच्या कॅनेमेयेरियाच्या घरात घातलं. १९८९ मध्ये शाश्वती बंद्योपाध्याय यांनी हाडं पुन्हा तपासून दाखवलं की याचं घर वेगळं. वंशावळ वाचणारा भाट एक नाव चुकला की दोन घरांत वाद लागतो. इथं फक्त भाट जास्त आहेत आणि पोथी फाटकी आहे.

आणखी एक सावधगिरी. मघाशी मी नद्यांचा दाखला दिला. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, सगळ्या शेवटी गोदावरीत मिसळतात. वंशाची नदी उलटी वाहते. ती एका पाण्यातून निघते आणि फुटत जाते. फुटलेले फाटे इथं पुन्हा एक होत नाहीत. म्हणून कुणी विचारलं, "सर, हे आपले पूर्वज का?" तर उत्तर, नाही. या तीन कुटुंबांपैकी एकही आपला पूर्वज नाही. सगळे चुलत. कुणी सख्खे चुलत, कुणी चुलत चुलत. डायसिनोडॉन्ट पोलंडमध्ये हत्तीएवढे वाढले आणि संपले. गोम्फोडॉन्ट संपले. ट्रायटिलोडॉन्ट सर्वांत चिवट. ते डायनोसॉरांच्या राज्यातही फार काळ टिकले आणि मग तेही संपले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रायटिलोडॉन्ट मादीबरोबर अडतीस पिलांचे अवशेष जाहीर झाले. अडतीस! सस्तन मादी एवढी पिलं काढत नाही. ती थोडी काढते आणि जपते. हा फरक दाढेवर कुठं लिहिलेला असतो?

मग आपले पूर्वज कुठं होते? ते लहान होते. उंदराएवढे, किडे खाणारे, बहुधा रात्री फिरणारे. त्याच वळणाच्या एका जुन्या सस्तनाची छोटीशी दाढ कोटाच्या खडकात मिळाली. तिला नाव मिळालं कोटाथेरियम हाल्डेनी. कोटा गाव आपल्या महाराष्ट्रात, सिरोंच्याच्या वर, प्राणहितेकाठी. आणि हाल्डेन म्हणजे इंग्लंड सोडून भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन. मोठमोठ्या पाला खाणाऱ्यांच्या पायांखाली ही चिल्लीपिल्ली जगली. गाय, म्हैस, शेळी, घोडा ही सगळी त्या किडेखाऊंची फार पुढची लेकरं. म्हणजे पाला खायची विद्या आपल्या वाड्यात पुन्हा एकदा कोऱ्या पाटीवरून शिकली गेली.

आता केळीवर येतो, शब्द दिला आहे. वाडियासॉरसच्या काळात केळ नव्हती, हळद नव्हती, ज्वारी नव्हती, हराळीसुद्धा नव्हती. फुलं येणारी झाडंच नव्हती. नेचे होते, सायकस होते, बियांचे नेचे होते. त्याआधीच्या ग्लॉसोप्टेरिस झाडांची पानं चंद्रपूर-वणीच्या कोळशात आहेत. गवत आलं ते फार उशिरा. त्याचा एक जुना पुरावा कुठला माहीत आहे? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचा. तिथं डायनोसॉरांचं शेण दगड होऊन पडलं आहे. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण दाखवले आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्राला गवताचं वय वाढवावं लागलं. शेणामातीत वाढलेल्या आपल्याला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

त्याच सुमाराला, म्हणजे आपला लाव्हा वाहत असताना, इथं एक चौथं कुटुंब होतं. खरे सस्तन, पण आजच्या कुठल्याच गटात न बसणारे, गोंडवानाथेर. सीमाभागात बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत त्यांचे उंच वाढणारे दात मिळाले. उंच दात झिजायला वेळ लागतो. म्हणून हे गवतासारखं खरखरीत खात असावेत अशी अटकळ आहे. २००७ मध्ये दोन गटांनी एकाच प्राण्याला दोन नावं दिली. एकानं भारतथेरियम, दुसऱ्यानं दक्षिणा. भारतथेरियम टिकलं. आणि नातं? दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या भावाला, सुदामेरिकाला, आधी स्लॉथच्या गोतात बसवलं होतं. कशावरून? दातांवरून. आबांचं वाक्य पुन्हा आठवा. मादागास्करमध्ये २०१४ साली गोंडवानाथेरांची आख्खी कवटी आणि २०२० साली जवळजवळ सगळा सांगाडा जाहीर झाला, तेव्हा कुठं हे खूप जुनं, निराळं घर आहे हे पक्कं होत गेलं.

मित्रहो, आता समारोप. तीन गोष्टी सांगितल्या. एक, आपल्या दोन नद्यांच्या संगमाकडं आपल्या घराण्याचा फार जुना इतिहास दगडात आहे. दोन, पाला खाणं या घराण्यात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घरांत उपजलं, म्हणून दातांचं साम्य पाहून नातं जोडू नये. तीन, सगळं जनावर पाहिल्याशिवाय गोत कळत नाही आणि सगळं जनावर फार थोड्या वेळा मिळतं.

म्हणून शेवटी एक विनंती, खास विहिरी खोदणाऱ्यांना. काळा पाषाण फोडताना मध्येच पांढरट किंवा हिरवट मातीचा, चुनखडीसारखा थर लागला, तर तो ढिगाऱ्यावर टाकून मोकळे होऊ नका. तो दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळाचा तळ असू शकतो. गोकाकचे दात अशाच मातीत होते, उंदराच्या दाताएवढे. विहिरीचं नाव, खोली आणि थराची जाडी एका कागदावर लिहा, पाच किलो माती पोत्यात भरून ठेवा आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. माती वाया गेली तर पाच किलो गेली.